साठ टक्क्यांचं फाटक

चिंतामणराव देशमुखांनी मराठी मध्यमवर्गाचं एक मोठं नुकसान करून ठेवलंय, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. १९१२ साली मॅट्रिकला पहिले, १९१८ साली आयसीएसला पहिले, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेल्या या माणसाला पहिल्याखेरीज दुसरा नंबर ठाऊकच नव्हता. तेव्हापासून आमच्याकडे ठाम समजूत आहे की पैशाला हात लावावा तो पहिल्या आलेल्यानेच. बाकीच्यांनी तो कमवायचा आणि महिन्याच्या एक तारखेला घरी आणून द्यायचा. देशमुखांना केंब्रिजमध्ये पारितोषिक मिळालं ते वनस्पतिशास्त्राचं, हा तपशील मात्र डोंबिवलीतला एकही बाप मुलाला सांगत नाही. झाडंझुडपं शिकूनही गव्हर्नर होता येतं हे मुलांना कळलं तर बीएएफच्या क्लासला जाईल कोण?

बीएएफ म्हणजे अकाउंटिंग अँड फायनान्सवालं बी.कॉम. पूर्वी कॉमर्सला गेलेला मुलगा नुसता बी.कॉम. व्हायचा आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. आता ठाण्यापासून कल्याणपर्यंत बीएमएस, बीएएफ, बीबीआय, बीएफएम अशा अक्षरांची रांग लागलेली असते. माटुंग्याचं पोदार किंवा पार्ल्याचं एन. एम. हुकलं की मुलगा जोशी-बेडेकर, ज्ञानसाधना, पेंढरकर, मॉडेल, बिर्ला यांपैकी कुठेतरी स्थिरावतो. आई नातेवाइकांना सांगते, "प्रवासाचा त्रास वाचला हो." पुढची चाळीस वर्षं त्याला तोच प्रवास करायचा आहे, हे त्या क्षणी कुणी काढत नाही.

माझा भाचा अशाच एका कॉलेजातून २०२० साली बीएएफ झाला. सीजीपीए ६.२.

या आकड्याचं पुढे काय काय झालं ते सांगण्यासारखं आहे. मुंबई विद्यापीठाच्या दहा गुणांच्या कोष्टकात साठ ते सत्तरमधल्या टक्क्यांना आठ गुणांक मिळतात, पंचावन्न ते साठला सात आणि पन्नास ते पंचावन्नला सहा. म्हणजे ६.२ उलट्या पावलांनी टक्क्यांत नेला तर तो एक्कावन्नच्या आसपास येऊन टेकतो. पण हा झाला सरळ रस्ता, आणि डोंबिवलीत सरळ रस्ता आधी खोदलेला असतो. ताईने ६.२ ला दहाने गुणलं आणि सोसायटीत ६२ सांगितले. भावजींनी गावाकडे फोन करून "साठच्या घरात" असं मोघम ठेवलं. भाच्याला कुणीतरी सीबीएसईचं जुनं साडेनऊचं सूत्र दिलं, त्याने ५८.९ आले. ते सूत्र दहावीच्या मुलांसाठी होतं आणि बोर्डही दुसरं होतं, पण अडलेल्या माणसाने बोर्ड बघायचं नसतं. इंजिनिअरिंगच्या मित्रांकडे तर गुणून झाल्यावर वर काही मिळवायचंही सूत्र होतं. त्या आठवड्यात त्या घरात एकाच मुलाचे चार निकाल नांदत होते.

मला यात काही गैर वाटलं नाही, कारण फायनान्स म्हणतात ते याहून फार वेगळं नसतं. एखादी कंपनी शेअर बाजारात आणायची असली की तिची किंमत ठरवायला मोठमोठे बँकर बसतात. नफा बरा असेल तर नफ्याच्या पटीत किंमत. नफा नसेल तर विक्रीच्या पटीत. विक्रीही बेताची असेल तर ॲप किती लोकांनी उतरवून घेतलं त्याच्या पटीत. पट कोणता लावायचा हे हवी ती किंमत मनाशी धरूनच ठरतं. त्याला व्हॅल्युएशन म्हणतात आणि त्याची फी कोटींत असते. माझ्या ताईने तेच काम फुकट केलं तर भावजी म्हणाले, "खोटं कशाला बोलतेस?"

खरी अडचण फॉर्मवर आली. नोकरीच्या ऑनलाइन फॉर्मला शेजारधर्म नसतो. दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे साठ हवेत. कॅम्पसच्या भाषेत 'थ्रूआउट सिक्स्टी'. भाच्याने ५८.९ टाकून पाहिले, चौकट लाल झाली. ठाकुर्लीच्या फाटकात उभं राहून ज्यांनी उमेदीची वर्षं काढली त्या माणसांना हे दृश्य नवीन नाही: समोर रस्ता दिसतोय, पलीकडची माणसं दिसतायत, आणि आपण खाली आलेल्या दांड्याकडे बघत उभे.

फाटकाचं तर्कशास्त्रही बघण्यासारखं आहे. रिझर्व्ह बँकेत ग्रेड बी अधिकारी व्हायचं तर खुल्या गटातल्या पदवीधराला ६० टक्के लागतात. तेच स्टेट बँकेत प्रोबेशनरी ऑफिसर व्हायला किंवा आयबीपीएसच्या परीक्षेतून दुसऱ्या सरकारी बँकेत जायला नुसती पदवी पुरते, टक्क्यांची अट नाही. म्हणजे पैशाबद्दल नियम करायला साठ टक्के हवेत. तो पैसा प्रत्यक्ष लोकांना द्यायला, त्यांच्याकडून परत मागायला आणि पासबुकाचं मशीन बंद का म्हणून शिव्या खायला काठावर पास झालेला चालतो. एका अर्थी बरोबरच आहे. शिव्या खायची सवय त्यालाच असते.

मग सल्ले सुरू झाले. डोंबिवलीत करिअर काउन्सेलरची पाटी लावणाऱ्याचं भाडं कसं सुटतं मला कळत नाही, कारण सकाळच्या फास्ट लोकलच्या प्रत्येक डब्यात ही सेवा विनामूल्य मिळते. भाचा तेव्हा माझ्या ओळखीच्या ग्रुपबरोबर दादरपर्यंत जायचा, कुठल्या तरी क्लासच्या चौकशीला. उभं राहायला जागा मिळते न मिळते तोच खिडकीतल्या काकांनी विचारलं, "काय रे, किती पडले?" अनोळखी माणसाला त्याचा पगार विचारणं असभ्य असतं हे या काकांना पक्कं ठाऊक आहे. गुणांबद्दल तसा नियम कुठे लिहिलेला नाही.

आकडा ऐकल्यावर डब्यात क्षणभर तीच शांतता पसरली जी गाडी कळव्याच्या अलीकडे उगाचच थांबते तेव्हा पसरते. मग सगळे एकदम बोलायला लागले. एकाने वॉरन बफेट काढला. १९५० साली हार्वर्डने त्याला नाकारलं, मग तो कोलंबियात बेंजामिन ग्रॅहमकडे शिकला, बघ आज कुठे आहे. पोदारने नाकारून पेंढरकरला गेलेल्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट एकदा तरी ऐकावी लागते. त्या बफेटने तेराव्या वर्षी स्वतःचं आयकर विवरणपत्र भरलं होतं, एवढा भाग सांगणारे गाळतात. भाचा तेराव्या वर्षी सावळाराम क्रीडासंकुलात थर्डमॅनला उभा असायचा.

दाराजवळच्या तरुणांचा सल्ला वेगळा होता. "नोकरी कशाला? ऑप्शन्स कर." बाजार सव्वानऊला उघडतो, आणि डोंबिवलीकर त्या वेळी बरोबर गाडीत असतो, त्यामुळे या डब्यांमधून जेवढे सौदे होतात तेवढे दलाल स्ट्रीटवर आता होत नसतील. फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या त्या काळात यांचे फार हाल व्हायचे. मुंब्र्याच्या बाजूने नफ्यात आत शिरलेला माणूस मोबाइलला रेंज येईपर्यंत ठाण्याला तोट्यात बाहेर पडायचा. १९१६ साली तो बोगदा बांधणाऱ्यांनी निफ्टीच्या साप्ताहिक एक्स्पायरीचा विचारच केला नव्हता. सेबीने २०२४ मध्ये आकडेवारी जाहीर केली: आधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात. ती वाचून भाच्याने मला फोन केला. "मामा, नव्वदच्या वरती जायची माझी ही एकच संधी होती."

तिसरा सल्ला सीएचा, आणि तो देणाऱ्यांचा आवाज आपोआप खाली येतो, देवळात आल्यासारखा. इथे मला एक जुनी तक्रार नोंदवायची आहे. सीएच्या परीक्षेत पास व्हायला प्रत्येक विषयात ४० आणि ग्रुपच्या एकूण गुणांत ५० टक्के लागतात. बस. आणि या पन्नास टक्क्यांसाठी सोसायटीत पेढे वाटतात, फडके रोडवर अभिनंदनाचा बॅनर लागतो, मुलाला पाहायला पुण्याहून माणसं येतात. बीएएफला एक्कावन्न पडलेल्या मुलाकडे मात्र हीच माणसं, ताप उतरत नसलेल्या पेशंटकडे बघावं तशी बघतात. एक टक्का जास्त असून! सीएची परीक्षा कठीण आहे, मान्य. पण ते कळायला परीक्षेला बसावं लागतं, आणि बसलेली माणसं पेढ्याबाबत बरीच संयमी असतात.

सीएफएची गोष्ट त्याहून सोयीची. परीक्षा अमेरिकन, फी डॉलरमध्ये, तीन लेव्हल. पण निकालात शब्द एकच: पास किंवा नापास. "किती टक्के?" असं विचारणाऱ्याला सांगायला टक्केच नसतात. डोंबिवलीच्या मुलांसाठी इतकी विचारपूर्वक आखलेली परीक्षा सातासमुद्रापलीकडे कुणी आणि का केली असेल, याचं मला कौतुक वाटतं. भावजींनी डॉलरचा त्या दिवशीचा भाव बघितला आणि विषय संपवला.

शेवटी भाचा शिरला तो सगळ्यांत लहान दारातून. एनआयएसएम ही सेबीची संस्था. रसायनीजवळ पाताळगंगेला तिचा मोठा परिसर आहे. म्युच्युअल फंड विकायचे तर तिची एक परीक्षा द्यावी लागते: दोन तास, शंभर प्रश्न, पन्नास टक्क्यांना पास, आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. परीक्षा पदवीचे गुण विचारत नाही. भाच्याला त्यात ७१ पडले. ज्या मुलाने सात सेकंदही आपला निकाल कुणाला दाखवला नव्हता, त्याने ते प्रमाणपत्र लॅमिनेट करून आणलं. ताईने ते गणपतीत मखराच्या बाजूला उभं केलं होतं. सेबीचं नाव वाचून आरतीला आलेल्या एका काकूंनी विचारलं, "सरकारी आहे का हो?" ताई म्हणाली, "सेबी म्हणजे सरकारीच ना." यात खोटं काहीच नाही.

त्या प्रमाणपत्रावर त्याला डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, एका सबब्रोकरच्या गाळ्यात काम मिळालं. फायनान्स क्षेत्रातला त्याचा प्रवेश असा दोन फोटोकॉपीवाल्यांच्या मधून झाला. काम एकच: लोकांची डीमॅट खाती उघडायची. पॅन, आधार, रद्द केलेला चेक आणि सही. यातली सही हा सगळ्यांत अवघड भाग. पेन्शनर आजोबांची आजची सही बँकेतल्या सहीशी जुळत नाही, कारण बँकेतली सही त्यांनी केली तेव्हा हात थरथरत नव्हता आणि नावात एक 'राव' जास्त होता. भाचा त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवून दहा-दहा वेळा सही गिरवून घ्यायचा. मोठ्या बँका ज्याला 'नो युअर कस्टमर' म्हणतात ते त्याने इतकं मनापासून केलं की निम्म्या टिळकनगरचे गुडघे कोणत्या डॉक्टरकडे जातात हे त्याला पाठ झालं.

दीडेक वर्षाने ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका परदेशी कंपनीच्या बॅक ऑफिसातून बोलावणं आलं. मुलाखतीचा शर्ट डोंबिवलीहून इस्त्रीसह ठाण्याला पोहोचत नाही, हे अनुभवी माणसांना ठाऊक असतं. ती अंगात टीशर्ट घालून निघतात आणि शर्ट बॅगेत सपाट ठेवतात. भाच्याने बदलायचं काम त्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या स्वच्छतागृहात उरकलं. तिथे आधीच तिघं टाय बांधत होते, एक कसाऱ्याचा, एक अंबरनाथचा, एक टिटवाळ्याचा. टायची गाठ एकालाच येत होती. त्याने बाकी तिघांनाही बांधून दिली आणि मग चौघंही एकाच जागेसाठी वर गेले.

आत अपेक्षित प्रश्न आला: मार्क एवढे कमी का? या प्रश्नाची उत्तरं पिढीगणिक बदलत आली आहेत. २०१७ च्या मुलांकडे फारच भक्कम उत्तर होतं. त्या वर्षी विद्यापीठाने पेपर संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतले, निकाल महिनोन्महिने रखडले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. "सर, २०१७ ची बॅच," एवढं म्हटलं की समोरचा मान डोलवायचा. २०२० च्या मुलांची पंचाईत उलटी. त्यांची शेवटची परीक्षा करोनामुळे ऑनलाइन झाली, पर्यायी प्रश्न, घरी बसून. वर्गातली यच्चयावत मुलं त्या सेमिस्टरला हुशार झाली.

भाचा म्हणाला, "सर, शेवटच्या सेमिस्टरला चार पर्याय दिलेले होते. पुस्तक टेबलावर होतं. बहीण शेजारच्या खोलीत होती आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर उत्तरं येत होती. तरी मला एवढेच पडले."

पॅनेलवर तिघं होते. दोघांना पुढे काय विचारावं सुचेना. तिसरा अनुपालन विभागाचा, म्हणजे ज्यांना लबाडी हुडकण्याचाच पगार मिळतो त्यांच्यातला. तो म्हणे खुर्चीत पुढे सरकला आणि म्हणाला, "याला घ्या. याला कॉपी करता येत नाही." हा प्रसंग भाच्याने सांगितला तसा मी सांगतो आहे; त्याने त्याला कोणता पट लावला असेल ते सांगता येत नाही.

काम फंड अकाउंटिंगचं. म्युच्युअल फंडाची त्या दिवशीची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, काढायची आणि रात्री अकराच्या आत ती जाहीर झालीच पाहिजे. बाजार साडेतीनला बंद होतो आणि यांचा दिवस तिथे सुरू होतो. दोन याद्या समोरासमोर ठेवायच्या, एक आपली, एक कस्टोडियनची, आणि न जुळणारी ओळ शोधायची. तिला 'ब्रेक' म्हणतात. २७ जानेवारी २०२३ पासून शेअर बाजारात सौद्याचा हिशेब दुसऱ्याच दिवशी पुरा व्हायला लागला, त्यामुळे आजचा ब्रेक उद्यावर टाकायची सोयही गेली. दीड वर्ष सहीतला 'राव' शोधलेल्या मुलाला हे जमलं यात नवल नाही. पहिल्या फळीतली मुलं, ज्यांना थ्रूआउट सत्तर वगैरे होते, सहा महिन्यांत कंटाळून एमबीएला गेली. हा राहिला. टिकून राहण्याला आपल्याकडे गुणपत्रिकेत रकाना नाही.

पगार वाढल्यावर त्याने रेल्वेचा वरच्या वर्गाचा पास काढला. ताई सोसायटीत म्हणाली, "त्याला फर्स्ट क्लास मिळाला." लोकांनी अभिनंदन केलं. तिनेही ते स्वीकारलं.

मागल्या वर्षी त्याच्या टीमला नवी मुलं घ्यायची होती आणि अर्ज चाळायचं काम त्याच्याकडे आलं. मला वाटलं, आता हा फाटक उचलणार. त्याने साहेबांना तसं सुचवलंही. साहेबांनी त्याला फाटक उचलल्यावर येणाऱ्या अर्जांचा ढीग दाखवला. साठची अट राहिली. भाच्याने फॉर्ममध्ये फक्त एक ओळ वाढवून घेतली: टक्के कोणत्या सूत्राने काढले ते लिहा. आणि मुलाखतीला तो पहिल्यांदा त्या मुलांना बोलावतो ज्यांनी तिथे चार ओळींहून जास्त लिहिलेलं असतं.

आता त्याच्या लग्नाचं चाललंय, आणि तिथे गुण कुणी विचारत नाही, तिथे पॅकेज. कल्याणला खडकपाड्याला एका घरी आम्ही गेलो होतो. मुलीचे वडील एका सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. १९६९ मध्ये इंदिराबाईंनी चौदा बँका सरकारी केल्या आणि पुढच्याच वर्षी डोंबिवलीकरांनी स्वतःची नागरी सहकारी काढली, १९७२ ला ठाणेकरांनी जनता सहकारी; या पट्ट्यातल्या माणसाला आपला पैसा आपल्या डोळ्यांसमोर लागतो. त्या वळणाच्या बँकांतून तयार झालेली ही पिढी. चहा येण्याआधी त्यांनी सीटीसीचा आकडा विचारला आणि एक जुनं पाकीट उलटं केलं.

"कंपनीचा पीएफ, बेसिकच्या बारा टक्के, हा वजा. तुझा तेवढाच, तोही वजा. ग्रॅच्युइटी ४.८१, ही वजा. व्हेरिएबल किती?"

"दहा टक्के, काका."

"ते धरायचंच नाही. व्यवसाय कर दोनशे. फेब्रुवारीत तीनशे." पेन्सिल थांबली. त्यांनी पाकीट भाच्याकडे सरकवलं. हातात येणारा आकडा शंभरेक रुपयांच्या फरकाने बरोबर होता.

भाचा हरखून गेला. दिवसभर याच कामासाठी एक्सेलशी झुंजणाऱ्या माणसाचा हरख होता तो. "काका, तुम्हाला बी.कॉम.ला किती होते?"

ताईने त्याला टेबलाखालून पाय मारला. काकांनी पेन्सिल खिशाला लावली. "पास क्लास," ते म्हणाले, "पण तेव्हा पेपर फार कडक तपासायचे हो."

"बेचाळीस टक्के," स्वयंपाकघरातून आवाज आला. "आणि तेही दुसऱ्या खेपेला."